अडीच वर्षांच्या मुलाच्या अंगावर जागा बदलणारे चट्टे: कारण कसे शोधावे?

निशिगंध:

माझ्या अडीच वर्षांच्या मुलाच्या अंगावर गेला आठवडाभर लालसर चट्टे उठत आहेत आणि ते कशाने उठतात हे अजून नेमके कळलेले नाही. आधी पोटावर आणि मांड्यांवर नाण्याएवढे उंचवटे आले. काही तासांत ते एकमेकांत मिसळले आणि त्यांची मोठी कडी तयार झाली. कडेला ती लाल व फुगीर असतात, मधला भाग मात्र फिकट आणि कधीकधी मार लागल्यासारखा जांभळट दिसतो. सकाळी पोटावर असलेला चट्टा दुपारी सापडत नाही, पण तोवर पाठीवर किंवा दंडावर नवे उठलेले असतात. संध्याकाळी खाज वाढते. एकदा पापण्या सुजल्या होत्या आणि तळपायही थोडे फुगलेले वाटतात. ताप नाही, खाणेपिणे आणि खेळणे नेहमीसारखे आहे.

हे सुरू होण्याआधी त्याला सर्दी होऊन कान दुखत होता आणि त्यासाठी अमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाचे पातळ औषध चालू होते. औषध संपत आले असताना चट्टे उठले, म्हणून ते थांबवण्यात आले. पहिल्या डॉक्टरांनी ॲलर्जी असल्याचे सांगितले, दुसऱ्यांनी व्हायरल असल्याचे सांगून खाजेसाठी सेटिरिझिन दिले. घरातील वडीलधारी मंडळी दूध आणि अंडे बंद करा म्हणतात. एका प्रयोगशाळेत रक्ताच्या एकाच नमुन्यातून शंभरेक पदार्थांची ॲलर्जी तपासून मिळते असे समजले.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कारण शोधण्यासाठी आम्ही घरी काय पाहावे? रक्ताची ही तपासणी करून घ्यावी का? आणि यापुढे अमॉक्सिसिलिन त्याला कायमचे वर्ज्य समजायचे का?

अबोली:

निशिगंध, माझ्या मुलीला जन्मापासून इसब आहे, त्यामुळे पुरळाकडे पाहण्याची थोडी सवय झाली आहे. निदान करण्याचा अधिकार मला नाही. पण डॉक्टरांपुढे बसल्यावर उपयोगी पडेल अशी माहिती घरी कशी गोळा करावी, एवढे सांगू शकते.

सर्वांत आधी एखादा चट्टा निवडून त्याच्या कडेने साध्या बॉलपेनने रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. दर दोन-तीन तासांनी पाहा. तो रेघेबाहेर पसरतो का, आतल्या आत विरतो का, आणि मुख्य म्हणजे २४ तासांनंतर त्याच जागी टिकून आहे का, हे नोंदवा. नवे चट्टे उठत राहिले म्हणजे जुनेच टिकून आहेत असा समज सहज होतो. अंगावर एकूण पुरळ आठवडाभर असणे आणि एकच चट्टा आठवडाभर असणे, या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत आणि डॉक्टर नेमका हाच फरक विचारतात.

दुसरे, स्वच्छ पारदर्शक काचेचा पेला चट्ट्यावर आडवा दाबून काचेतून पाहा. दाबल्यावर लाली गेली तर रक्त अजून रक्तवाहिन्यांच्या आतच आहे. दाबूनही ठिपका जसाच्या तसा दिसला तर रक्त त्वचेत झिरपलेले असू शकते आणि मग घरी थांबण्यात अर्थ नाही. सावळ्या त्वचेवर मुळात लालीच नीट दिसत नाही, म्हणून तळहात, तळपाय, तोंडातली टाळू आणि खालच्या पापणीची आतली बाजू दिवसाच्या उजेडात पाहावी, आणि डोळ्यांपेक्षा बोटांवर अधिक विसंबावे. उंचवटा आहे की सपाट, खरखरीत आहे की गुळगुळीत, गरम लागतो का, हे स्पर्शाने चटकन कळते.

छायाचित्रे खिडकीजवळ आणि फ्लॅश न लावता काढा. एक जवळून घ्या आणि एक दुरून, म्हणजे पुरळ शरीराच्या कोणत्या भागावर आहे ते समजेल. दवाखान्यात पोचेपर्यंत अंग नितळ होते आणि आपण उगाच घाबरलो होतो असे वाटू लागते. तेव्हा ही छायाचित्रेच आपली बाजू मांडतात.

तोवर नवा साबण, सुगंधी तेल किंवा कोणी सुचवलेला लेप लावू नका. त्याने बरे वाटेल की नाही ते सोडा, पण मूळ पुरळ कोणते आणि लेपाने झालेले कोणते, हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही.

दीपमाळ:

मी लहान मुलांच्या विभागात बरीच वर्षे काम करते. मूल न तपासता निदान सांगणे योग्य नाही, हे लक्षात घेऊनच पुढचे वाचावे.

तुम्ही केलेले वर्णन, म्हणजे जागा बदलणारे, खाजणारे, कड्यांच्या आकाराचे उंचवटे आणि सोबत पापण्यांची किंवा तळपायांची सूज, हे अंगावर पित्त उठण्याशी, म्हणजे अर्टिकेरियाशी मिळतेजुळते आहे. त्वचेतील मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव बाहेर झिरपतो आणि त्वचा फुगते. द्रव पुन्हा शोषला गेला की चट्टा मागमूस न ठेवता जातो, म्हणून एक चट्टा सहसा २४ तासांपेक्षा जास्त टिकत नाही. लहान मुलांमध्ये याचा एक प्रकार असा आढळतो की कड्यांच्या मध्यभागी जांभळट झाक येते आणि पालकांइतकेच डॉक्टरही क्षणभर चपापतात. अबोली यांनी सांगितलेली पेनची रेघ या ठिकाणी खरोखर उपयोगाची आहे, कारण दिसायला असाच असलेला एरिथेमा मल्टिफॉर्मी नावाचा आजार एकाच जागी अनेक दिवस टिकतो.

आता कारणाकडे वळू. मोठ्यांना चटकन खाण्यातला पदार्थ आठवतो. पण लहान मुलांत अचानक उठणाऱ्या पित्ताचे सर्वांत नेहमीचे कारण संसर्ग हेच असते आणि त्यातही साधे सर्दी-खोकल्याचे विषाणू आघाडीवर असतात. तुमच्या दोन्ही डॉक्टरांत वरवर मतभेद दिसतो, तो कदाचित खरा मतभेद नसावा. एकाने त्वचेत काय घडते आहे त्याला नाव दिले आणि दुसऱ्याने ते कशामुळे घडते आहे त्याला. संसर्ग ओसरल्यानंतरही चट्टे दोन-तीन आठवडे येत-जात राहू शकतात. सहा आठवड्यांच्या आत थांबले तर त्याला तात्कालिक समजले जाते आणि बहुसंख्य मुलांत ते त्याआधीच थांबते. नेमका कोणता विषाणू होता हे बहुतेक वेळा शोधलेही जात नाही, कारण ते कळल्याने उपचार बदलत नाहीत.

दूध किंवा अंड्यामुळे त्वरित होणारी ॲलर्जी तो पदार्थ खाल्ल्यानंतर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते आणि काही तासांत ओसरते. पुन्हा खाल्ले की पुन्हा तसेच घडते. इथे मूल दिवसभर वेगवेगळे पदार्थ खात असताना, झोपेत आणि उपाशीपोटीही चट्टे उठत आहेत. जे दूध तो दोन वर्षे निर्धास्त पितो आहे ते आताच बंद करण्याचे कारण मला दिसत नाही. वाढत्या वयात असे पदार्थ उगाच काढून टाकल्याने पोषण कमी पडते. शिवाय ज्या मुलांत ॲलर्जीची प्रवृत्ती आहे, त्यांच्यात दीर्घकाळ बंद ठेवलेला पदार्थ पुन्हा सुरू करताना नवीच अडचण उभी राहू शकते.

शंभर पदार्थांच्या तपासणीबद्दलही हेच म्हणेन. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई (ॲलर्जीशी संबंधित) प्रतिपिंडे सापडली, एवढ्यावरून त्या पदार्थाची ॲलर्जी आहे असे ठरत नाही. अनेक निरोगी मुलांत ती सापडतात आणि ती मुले तो पदार्थ आनंदाने खात असतात. तपासणीआधी एखाद्या विशिष्ट पदार्थावर सबळ संशय असावा लागतो. संशयाविना मोठी यादी तपासली तर काही ना काही 'पॉझिटिव्ह' निघणारच, आणि त्यानंतर घरात कोणीही त्या मुलाला सुखाने जेवू देत नाही.

औषधाचा प्रश्न मात्र याहून नाजूक आहे. अमॉक्सिसिलिन चालू असताना पुरळ उठले की ते औषधामुळेच उठले असे गृहीत धरले जाते. पण औषध ज्या संसर्गासाठी दिले होते त्या संसर्गानेही पुरळ उठू शकते. अशा सौम्य पुरळावरून पेनिसिलिनची (अमॉक्सिसिलिन याच गटातले) ॲलर्जी असल्याची नोंद झालेल्या मुलांची नंतर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चाचणी केली असता, दर १० पैकी ९ किंवा त्याहून अधिक मुलांना ते औषध सोसते असे आढळून आले आहे. याचा अर्थ घरी एक चमचा देऊन पाहावे असा मुळीच नाही. सध्या ते बंदच ठेवा आणि पुरळ पूर्ण गेल्यानंतर काही आठवड्यांनी ॲलर्जीतज्ज्ञांकडे नियंत्रित चाचणीबद्दल विचारा. 'कायमचे वर्ज्य' असा शिक्का विचार न करता बसला की पुढे प्रत्येक संसर्गात अधिक व्यापक परिणामाची, कधी अधिक दुष्परिणामांची प्रतिजैविके वापरावी लागतात, म्हणून हा शिक्का तपासून घेणे योग्य.

सेटिरिझिन वजन आणि वय पाहून ठरवलेल्या प्रमाणातच द्यावे. खाज दिसेल तेव्हा एखादा डोस देण्यापेक्षा, सांगितलेले दिवस ते नियमित दिले तर चट्टे अधिक आटोक्यात राहतात. मुलाला झोप लागावी म्हणून जुन्या, गुंगी आणणाऱ्या ॲलर्जीच्या औषधांकडे वळू नये.

बकुळ:

दीपमाळ यांचे म्हणणे मान्य आहे, तरी 'व्हायरल' हा शब्द ऐकून पालकांनी निश्चिंत व्हावे असे मला वाटत नाही. माझ्या भाच्याला दोन ठिकाणी तेच सांगितले गेले आणि मध्यंतरी कोणीतरी दिलेले मिश्र मलम लावले गेले, ज्यात स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक असे सगळेच होते. पुरळ फिके पडले, पण गेले नाही. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञांनी त्याच्या बोटांच्या बेचक्या, मनगटे आणि तळपाय भिंगातून पाहिले आणि खरूज असल्याचे सांगितले. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न घरात आणखी कोणाला खाज सुटते का, हा होता. तो आधी कोणीच विचारला नव्हता.

खरजेचे किडे पहिल्यांदाच अंगावर आले असतील तर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, त्यामुळे घरात इतर कोणी खाजवत नसले तरी ती शक्यता बाद होत नाही. उपचार घरातील सर्वांनी एकाच वेळी करावा लागतो आणि सहसा आठवड्याने पुन्हा करावा लागतो. एकाने जरी टाळला तरी फेरा सुरूच राहतो. निशिगंध यांच्या वर्णनातले काही तासांत नाहीसे होणारे चट्टे खरजेसारखे वाटत नाहीत, हे खरे. पण शीर्षक पाहून इतर पालकही हा धागा उघडतील, म्हणून हे लिहिले.

त्या मिश्र मलमांविषयी एवढेच सांगते की ती गजकर्णावर लावली की कड पुसट होते, बुरशी आतल्या आत पसरत राहते आणि पुढच्या डॉक्टरांना ते गजकर्ण आहे हे ओळखणेही कठीण जाते.

निशिगंध:

सर्वांचे मनापासून आभार. पेनच्या रेघा ओढून पाहिल्या. दोन चट्टे रात्रीतच पूर्ण विरले. मांडीवरचा एक मात्र दुसऱ्या दिवशी दुपारीही त्याच जागी पुसट निळसर दिसत होता, पण उंचवटा राहिला नव्हता. काचेखाली लाली जाते. घरात दुसऱ्या कोणालाही खाज नाही. आज सकाळी मात्र तो उठल्यावर उजवा पाय टेकवायला तयार नव्हता. थोड्या वेळाने लंगडत चालू लागला. हे त्या तळपायाच्या सुजेमुळे असेल का?

दीपमाळ:

असू शकते, पण हे इथे ठरवण्याजोगे नाही. त्याला आजच पुन्हा दाखवा.

कारण असे की अमॉक्सिसिलिन किंवा सेफाक्लोरसारखी औषधे सुरू केल्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत काही मुलांना पित्तासारखे पुरळ, सांधेदुखी आणि ताप असा एकत्रित त्रास होतो. त्याला सीरम सिकनेससारखी प्रतिक्रिया म्हणतात. त्यातले चट्टे साध्या पित्तापेक्षा जास्त वेळ टिकतात. औषध थांबवल्यावर हा त्रास बहुधा आपोआप बरा होतो, परंतु औषधाविषयीचा पुढचा सल्ला त्यामुळे बदलतो. दुसरी शक्यता आयजीए व्हॅस्क्युलायटिसची, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांना दाह होण्याच्या आजाराची. त्यात मुख्यतः पायांवर आणि नितंबांवर हाताला लागणारे, दाबल्यावर न जाणारे जांभळे ठिपके येतात, गुडघे किंवा घोटे दुखतात, पोटात कळा येतात आणि मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. तुमच्याकडे लाली दाबल्यावर जाते आहे, म्हणून ती शक्यता कमी आहे. तरी लघवीची तपासणी साधी असते आणि डॉक्टर ती बहुधा सांगतील. डॉक्टरांना औषधाचे नाव, ते सुरू झाल्याची तारीख, पुरळाची तारीख आणि लंगडण्याची तारीख लिहूनच द्या. तोंडी सांगताना क्रम चुकतो.

हा धागा वाचणाऱ्या इतरांसाठी, कोणत्या लक्षणांत क्षणभरही थांबू नये तेही सांगते. पुरळाबरोबर श्वासाला घरघर लागली, आवाज बसला, ओठ किंवा जीभ सुजली, एकापाठोपाठ उलट्या झाल्या किंवा मूल एकाएकी मलूल पडले, तर ती तीव्र ॲलर्जी असू शकते. तिच्यावर पहिला उपचार मांडीच्या स्नायूत दिले जाणारे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हा आहे. खाजेच्या औषधाचा डोस देऊन वाट पाहण्यात मोलाचा वेळ जातो. ताप आणि दाबल्यावर न जाणारे ठिपके एकत्र दिसले तर मेनिंगोकॉकससारखा जिवाणूंचा गंभीर संसर्ग काही तासांत बळावू शकतो. ताप नसताना टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आणि विनाकारण काळेनिळे डाग आले तर रक्तातील प्लेटलेट तपासाव्या लागतात. त्वचा दुखते, फोड येऊन सोलवटते आणि तोंड, डोळे किंवा लघवीची जागा सोलल्यासारखी होते, तेव्हा ती औषधाची गंभीर प्रतिक्रिया असू शकते.

आणखी एक गोष्ट सहज हुकते. ताप पाच दिवस किंवा अधिक टिकला असेल आणि पुरळाबरोबर डोळे चिपडाशिवाय लाल, ओठ फाटलेले, जीभ लालबुंद खरखरीत, हातापायांवर सूज किंवा मानेत गाठ असेल, तर कावासाकी आजाराचा विचार व्हायलाच हवा. तोमिसाकू कावासाकी या जपानी बालरोगतज्ज्ञांनी १९६७ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. ही लक्षणे सगळी एकाच दिवशी हजर नसतात. काल डोळे लाल होते आणि आज नाहीत, असे घडते, म्हणून पालकांची नोंदवही इथे फार कामी येते. तापाच्या पहिल्या दहा दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडांचे औषध) दिले तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फुगे येण्याचा धोका बराच कमी होतो.

केवडा:

एक छोटा प्रश्न विचारून घेतो. अशा मुलाला पाळणाघरात पाठवावे का? आमच्याकडे कोणतेही पुरळ दिसले की मुलाला परत पाठवतात.

दीपमाळ:

पित्त एकाकडून दुसऱ्याला होत नाही. ज्या सर्दीमुळे ते उठले ती मात्र लागू शकते. पुरळ दिसले की घरी, ते गेले की परत, हा नियम सोयीचा असला तरी आजाराशी जुळत नाही. गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत इतरांना संसर्ग देतो. कांजिण्यांत सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत घरी ठेवावे लागते. उलट पार्व्हो विषाणूच्या आजारात गाल थोबाडीत मारल्यासारखे लाल होतात तेव्हा संसर्ग पसरण्याचा काळ बहुधा संपलेला असतो. मात्र पाळणाघरात कोणी गरोदर असेल तर तिला लगेच कळवावे, कारण त्या विषाणूने गर्भाला त्रास होऊ शकतो. पाळणाघराला निदानाचे नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी दिली तर बहुतेक वाद तिथेच मिटतो.

निशिगंध:

त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवले. त्यांनी घोटे आणि गुडघे हलवून पाहिले, काचेने चट्टे दाबून पाहिले, लघवी आणि रक्ताच्या पेशींची तपासणी केली. दोन्ही व्यवस्थित आहेत. उजव्या घोट्याला थोडी सूज होती. रेघांची छायाचित्रे आणि तारखांचा कागद त्यांनी बराच वेळ पाहिला. सर्दीनंतरचे पित्त असण्याची शक्यता त्यांना अधिक वाटते. पण घोट्याची सूज आणि एक चट्टा रेंगाळलेला पाहता औषधाची प्रतिक्रिया त्यांनी नाकारलेली नाही. त्यामुळे फाइलवर 'पेनिसिलिनची ॲलर्जी' असे न लिहिता, 'अमॉक्सिसिलिन घेत असताना पुरळ व घोट्याची सूज, तपासणी बाकी' असे लिहून दिले आणि बरे झाल्यावर ॲलर्जीतज्ज्ञांकडे जायला सांगितले. सेटिरिझिन नियमित चालू ठेवले आहे. दूध आणि अंडे बंद केलेले नाही. आता लंगडणे थांबले असून नव्या चट्ट्यांची संख्या रोज कमी होत आहे.

अबोली:

फाइलवरची ती ओळ औषधाचे नाव आणि तारखेसह स्वतःच्या फोनमध्येही ठेवा आणि मुलाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला पाठवा. रात्री-अपरात्री दुसऱ्याच डॉक्टरांकडे जावे लागले तर फाइल घरीच राहिलेली असते.